काट्यासकट सामन

मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला जाणाऱ्या आयांच्या बॅगा उघडून पाहिल्या तर त्यांत साधारण सारखेच सामान निघेल. डिंकाचे लाडू, आळीव, सुंठ, बाळंतशेपा, खारकेची पूड आणि जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी. माझ्याही बॅगेत हेच होते. सिअ‍ॅटलला पोहोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी, कोणता डबा कुठे ठेवायचा म्हणून मी लेकीच्या स्वयंपाकघरातले कपाट उघडले आणि थबकले. तांदूळ-डाळींच्या बरण्यांशेजारी पत्र्याच्या डब्यांची उतरंड रचलेली होती. डब्यांवर माशाचे चित्र.

‘‘हे काय गं?’’

‘‘सामन आहे, आई. आठवड्यातून दोनदा खाते मी.’’

‘‘डब्यातला मासा? आणि तोही बाळंतिणीने?’’

‘‘डब्यातलाच. आणि काट्यासकट!’’

आमचे घराणे मूळचे मालवणकडचे. सकाळी समुद्रातून आलेला मासा दुपारी ताटात हवा, संध्याकाळी तो शिळा, अशा शिस्तीत मी वाढले. कोळणीने कितीही शपथा घातल्या तरी माशाचे कल्ले उघडून लाल आहेत की नाहीत हे पाहिल्याशिवाय आमच्या आईने कधी मासा घेतला नाही. त्या आईची मी मुलगी! दोन-दोन वर्षांपूर्वी डब्यात भरलेला मासा माझ्या बाळंतिणीच्या पोटात जाणार, ही कल्पनाच मला सहन होईना. पण लेक शिकलेली, तिची डॉक्टरीणबाई तिच्या बाजूची आणि मी परक्या देशात. मुकाट्याने डबा हातात घेऊन त्यावरची बारीक अक्षरे वाचू लागले. घटक पदार्थ दोनच होते: सामन आणि मीठ. तेल नाही, पाणी नाही, टिकवण्यासाठी घातलेले कुठलेही रसायन नाही. मग हा मासा टिकतो कसा? आणि त्याचा काटा खायचा कसा? या दोन प्रश्नांचा पाठपुरावा करण्यात माझे तिथले तीन महिने बरे गेले.

माहेरी येणारा मासा

सिअ‍ॅटल शहरात बॅलार्ड नावाच्या भागात १९१७ साली बांधलेले जहाजांसाठीचे बंधारे आहेत. खाडीचे पाणी खाली आणि सरोवराचे वर. त्यामधून माशांना चढून जाता यावे म्हणून बाजूला पायऱ्यापायऱ्यांची वाट केली आहे आणि ती पाहण्यासाठी जमिनीखाली काचेच्या खिडक्या. ऑगस्टमध्ये जावयाने आम्हाला तिथे नेले. काचेपलीकडे हातभर लांबीचे मासे प्रवाहाच्या उलट तोंड करून, अंग घुसळत, एकेक पायरी चढत होते.

सामन गोड्या पाण्यात, नदीच्या गोट्यांमध्ये जन्मतो, लहानपणीच समुद्रात जातो, तिथे खाऊनपिऊन मोठा होतो आणि अंडी घालायची वेळ आली की हजारो मैलांवरून आपल्या जन्मनदीत परत येतो. नदीच्या पाण्याचा वास त्याला आठवत असतो, असे शास्त्रज्ञ सांगतात. पॅसिफिक महासागरातल्या जाती अंडी घातल्यावर मरून जातात. बाळंतपणासाठी माहेरी येणारा हा मासा पाहताना, जिला माहेरी येता आले नाही अशी माझी लेक पोटावर हात ठेवून शेजारी उभी होती. मला उगीचच भरून आले.

आहाराच्या दृष्टीने या प्रवासाला महत्त्व आहे. नदीत शिरल्यावर सामन खाणे सोडतो आणि अंगातल्या चरबीवर पुढचा प्रवास करतो. म्हणून तो समुद्रात किंवा नदीच्या मुखाशीच पकडायचा असतो. तेव्हा तो भरलेला, तेलकट आणि सर्वांत सकस असतो. अमेरिकेच्या त्या किनाऱ्यावर याच्या पाच जाती मिळतात. त्यांतल्या दोन प्रामुख्याने डब्यात जातात. एक गुलाबी सामन, आकाराने लहान, दोन वर्षांत आयुष्य संपवणारा आणि स्वस्त. दुसरा सॉकाय, म्हणजे लाल सामन. समुद्रातल्या बारीक कोळंबीसारख्या जिवांवर तो जगतो आणि त्यांच्यातल्या रंगद्रव्यामुळे त्याचे मांस जास्वंदीसारखे लाल होते. तो अधिक तेलकट आणि अधिक महाग.

डब्याची कुळकथा

डबाबंद अन्नाची कल्पना निकोला आपेर या फ्रेंच हलवायाची. बाटलीत अन्न भरून, बूच घट्ट बसवून ती उकळत्या पाण्यात ठेवली तर अन्न नासत नाही, हे त्याने वर्षानुवर्षे खटपट करून शोधले आणि १८१० साली फ्रेंच सरकारकडून त्याला १२,००० फ्रँकचे बक्षीस मिळाले. हे असे का होते, ते मात्र त्यालाही ठाऊक नव्हते. जंतूंचा उलगडा करणारा पाश्चर तेव्हा जन्मलाही नव्हता. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पत्र्याच्या डब्याचे पेटंट घेतले गेले. गंमत म्हणजे डबा फोडायचे खास हत्यार यायला पुढची चाळीसहून अधिक वर्षे गेली. तोवर छिन्नी आणि हातोडा!

सामनचा डबा जन्मला तो कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो नदीवर, १८६४ साली. ह्यूम बंधू आणि त्यांचा मित्र हॅपगुड यांनी तो कारखाना काढला. पहिल्या वर्षी बराच माल खराब झाला, तरी त्यांनी नेट सोडला नाही. १८६६ मध्ये ते उत्तरेला कोलंबिया नदीवर गेले आणि १८७८ पर्यंत कारखाने अलास्कात जाऊन पोहोचले. ब्रिटनमधल्या गिरणीकामगाराच्या रविवारच्या चहाबरोबर सामनचे सँडविच आले ते या डब्यांमुळे.

या वैभवाला काळी किनारही आहे. सुरुवातीला मासे साफ करण्याचे काम मुख्यतः चिनी मजुरांनी केले. पुढे विसाव्या शतकाच्या प्रारंभी ते काम करणारे यंत्र आले, तेव्हा त्या यंत्राला नाव दिले गेले तेही चिनी माणसाला हिणवणारी शिवीच. कोलंबिया नदीवर मोठी धरणे झाली. त्यांतल्या ग्रँड कूली धरणाला माशांची वाटच ठेवलेली नव्हती; वरच्या खोऱ्यातले सामन संपले. मूळच्या आदिवासी जमातींना तर आपल्याच नद्यांवर मासे धरायला कोर्टाची पायरी चढावी लागली. १९७४ साली न्यायाधीश बोल्ट यांनी वॉशिंग्टन राज्यातल्या करार केलेल्या जमातींचा निम्म्या माशांवर हक्क आहे असा निकाल दिला, तेव्हा कुठे त्यांना न्याय मिळाला.

अलास्काने मात्र वेळीच धडा घेतला. १९५९ मध्ये राज्याचा दर्जा मिळताच तिथे माशांचे मोठे सापळे बंद झाले. मासा संपणार नाही अशाच बेताने धरायचा, हे तत्त्व त्या राज्याच्या घटनेतच आहे. नदीकाठच्या मनोऱ्यांवर माणसे बसून वर जाणारे मासे मोजतात. पुरेसे मासे अंडी घालायला गेले की मगच जाळी टाकायची परवानगी. याचे फळ म्हणजे २०२२ साली एकट्या ब्रिस्टल बे भागात जवळजवळ आठ कोटी सॉकाय परत आले.

काटा विरघळतो तेव्हा

आता कारखान्यात काय होते ते पाहू. माशाचे डोके, शेपटी, आतडी काढून तो धुतात आणि डब्याच्या उंचीचे तुकडे करतात. हे कच्चे तुकडे कातडी-काट्यासह डब्यात बसतात, वर चिमूटभर मीठ. हवा काढून झाकण लावले की डबे वाफेच्या मोठ्या बंद पात्रात जातात. तिथे दाबाखाली, सुमारे १२० अंश सेल्सियसला ते तासाहून अधिक वेळ शिजतात. मासा डब्यात भरून मग टिकवलेला नसतो, तर डब्यातच शिजलेला आणि निर्जंतुक झालेला असतो. आत जे पाणी सुटते ते त्याचेच.

हे वाचले आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अहो, हा तर आपला प्रेशर कुकर! त्याच्या शिट्टीखालचे तापमानही १२० अंशांच्या आसपासच असते. फरक वेळेचा आणि हवाबंद झाकणाचा. इतका वेळ शिजल्यावर माशाचा मधला कणाही खडूसारखा होतो. लेकीने डबा उघडून तो दोन बोटांत धरला आणि चुरडला, तेव्हा त्याचे पीठ झाले.

आणि खरे धन नेमके तिथेच आहे. ताज्या सामनच्या बिनकाट्याच्या तुकड्यात १०० ग्रॅमला कॅल्शियम असते जेमतेम १०-१५ मिलिग्रॅम. तोच मासा डब्यातून काट्यासकट खाल्ला तर हा आकडा सुमारे २०० वर जातो, म्हणजे पाऊण पेल्याहून जास्त दुधाइतका. आपल्याकडच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला रोज १,००० मिलिग्रॅम आणि अंगावर पाजणाऱ्या आईला १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. म्हणजे एका डब्याने सगळे भागत नाही, पण हातभार मोठा लागतो. तिथल्या दुकानात ‘कातडी आणि काटे काढलेला’ सामनही मिळतो. तो महाग असतो. जास्त पैसे देऊन लोक त्यातले सर्वांत मोलाचे तेवढे काढून घ्यायला लावतात, याला काय म्हणावे!

नुसते कॅल्शियम पोटात जाऊन भागत नाही. ते अंगी लागायला ड जीवनसत्त्व हवे, आणि ते नैसर्गिकरीत्या भरपूर असलेले पदार्थ फार थोडे. सामन त्यांत वरच्या रांगेत आहे. डब्यातल्या १०० ग्रॅम माशात जातीप्रमाणे साधारण ५०० ते ८०० एकके मिळतात; प्रौढाची दिवसाची गरज ६०० एककांची. हे जीवनसत्त्व उष्णतेला दाद देत नाही, त्यामुळे शिजण्यात फारसे जात नाही. कुलूप आणि किल्ली एकाच डब्यात, असा हा प्रकार. याशिवाय २० ग्रॅमच्या वर उत्तम प्रथिने, दिवसाची गरज भागवून उरेल इतके ब-१२ आणि सेलेनियमही. उष्मांक म्हणाल तर १४० च्या आसपास. वाफेवर बळी जाते ते मुख्यतः ब-१ जीवनसत्त्व. ते आपल्याला डाळी-कडधान्यांतून मिळतेच.

राहिला ज्याचा सर्वांत गाजावाजा झाला तो ओमेगा-३. गुलाबी सामनच्या १०० ग्रॅममध्ये माशाच्या तेलातली ही स्निग्धाम्ले सुमारे एक ग्रॅम असतात. १९७० च्या दशकात बँग आणि डायरबर्ग या डॅनिश संशोधकांनी ग्रीनलंडच्या एस्किमोंचा अभ्यास केला आणि समुद्रातल्या चरबीचा व हृदयाच्या आरोग्याचा संबंध चर्चेत आला. मग कॅप्सूलांचा बाजार फोफावला. पण २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘व्हायटल’ या मोठ्या अमेरिकी चाचणीत, जवळजवळ २६,००० निरोगी माणसांना पाच वर्षांहून अधिक काळ माशाच्या तेलाच्या किंवा खोट्या गोळ्या देऊन पाहिले, तेव्हा हृदयविकार आणि पक्षाघात यांच्या एकूण प्रमाणात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. अमेरिकी हृदयरोग संघटना आजही सल्ला देते तो आठवड्यातून दोनदा मासे खाण्याचा. ताटात मासा आला की तळलेले मटण किंवा वडा मागे सरतो, हाही त्यातला एक फायदा. गोळी घेऊन वडा चालूच ठेवला तर तो कसा मिळणार?

लेकीच्या डॉक्टरीणबाईंचे लक्ष दुसरीकडे होते. ओमेगा-३ पैकी डीएचए हा घटक बाळाच्या मेंदूच्या आणि डोळ्यांच्या घडणीत लागतो आणि तो आईच्या दुधातून बाळाला मिळतो. मात्र मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो, आणि तो बाळाच्या मेंदूला घातक. अमेरिकी सरकारी सल्ला असा, की गर्भवतीने आणि पाजणाऱ्या आईने आठवड्याला सव्वादोनशे ते साडेतीनशे ग्रॅमपर्यंत कमी पाऱ्याचे मासे खावेत. त्या यादीत सामन आणि तारलीचे भाऊबंद वरच्या गटात आहेत. टाळायच्या यादीत आहे मुशी, म्हणजे शार्क. हे ऐकून मी गप्प झाले. आमच्या घरी बाळंतिणीला दूध यावे म्हणून मुशीचेच कालवण देत आले आहेत!

भीती कुठे आणि किती?

सगळेच गोड गोड सांगून चालणार नाही. १९७८ साली बर्मिंगहॅममध्ये अलास्काच्या सामनचा एक डबा चार वृद्धांनी वाटून खाल्ला आणि बोटुलिझमच्या विषबाधेने त्यांतले दोघे दगावले. डब्याला सूक्ष्म भोक पडून, शिजवल्यानंतर जंतू आत शिरले होते. १९८२ मध्ये बेल्जियममध्ये असाच एक मृत्यू झाला आणि लक्षावधी डबे बाजारातून परत घ्यावे लागले. दीडशे वर्षांत खपलेल्या असंख्य डब्यांच्या मानाने या घटना विरळा, पण नियम शिकवून गेल्या. फुगलेला, गळणारा, गंजलेला किंवा शिवणीपाशी चेपलेला डबा घेऊ नये, घरात असल्यास चाखूनही न पाहता टाकावा. उघडल्यावर उरलेला मासा काचेच्या भांड्यात काढून फ्रिजमध्ये ठेवावा आणि दोन-तीन दिवसांत संपवावा.

कधी कधी डब्यात काचेच्या कणांसारखे स्फटिक सापडतात आणि घरात हलकल्लोळ होतो. माशातल्याच क्षारांचे ते निरुपद्रवी खडे असतात. व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात घालून जरा गरम करावे. ते विरघळतात, काच विरघळत नाही.

खरी काळजी मिठाची. मीठ घातलेल्या डब्यात १०० ग्रॅमला चार-पाचशे मिलिग्रॅमपर्यंत सोडियम असू शकते आणि दिवसाची मर्यादा दोन हजारांची. म्हणून रक्तदाब असलेल्यांनी बिनमिठाचा डबा शोधावा आणि बाकीच्यांनी निदान वरून मीठ घालू नये. वातरक्त किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. डब्यातले पाणी मात्र ओतून देऊ नये. माशाचे तेल त्यातच उतरलेले असते. लेक ते पाणी आमटीत घालते आणि माशाचे, काटे चुरडून, कांदा-मिरची-आले-कोथिंबीर आणि दोन आमसुलांसह कटलेट करते. रव्यात घोळवून थोड्या तेलावर परतलेले ते कटलेट पहिल्या दिवशी मी नाक मुरडून खाल्ले. तिसऱ्या आठवड्यात मीच करू लागले.

आपला रावस, आपली तारली

मुंबईच्या हॉटेलांत ‘इंडियन सामन’ म्हणून जे मिळते तो आपला रावस. मासा नामी, पण सामनचा तो दूरचाही नातेवाईक नाही. रंग फिकट गुलाबी, एवढ्यावर साहेबाने नाव दिले आणि ते चिकटले. तेव्हा सामनचे गुण वाचून रावसाला जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. खरा सामन इथे परदेशातून येतो आणि तो रोजच्या संसाराला परवडणारा नव्हे.

पण सामनचे जे खरे मोल, म्हणजे तेलकट मासा आणि खाता येणारा काटा, ते आपल्या किनाऱ्यावर स्वस्तात पडले आहे. तारली आणि बांगडा ओमेगा-३ ने भरलेले आहेत. पावसाळ्यानंतरच्या तारलीला तर तेल सुटते. तारली गरिबाची म्हणून आम्ही तिला पाहुण्यांपुढे कधी ठेवली नाही. कुरकुरीत मांदेली काट्यासकट चावून खातातच, जवळा तर सगळाच पोटात जातो. आणि ज्यांच्या घरी मासा शिजत नाही त्यांनी निराश व्हायचे कारण नाही. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आहे, तिळात त्याहून कितीतरी अधिक, आणि दूध-दही आहेच. त्यांना जपायचे ते ड आणि ब-१२ यांच्या बाबतीत.

या सगळ्यात माझाही स्वार्थ होता, तो सांगून टाकते. अमेरिकेला निघण्यापूर्वी माझ्या हाडांची घनता तपासली होती. हाडे ठिसूळ होऊ लागल्याचा अहवाल आला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, चालायला सांगितले आणि विचारले, ‘‘खाण्यात कॅल्शियम किती असतं?’’ मी ठणकावून सांगितले, ‘‘आम्ही मासे खाणारे.’’ खरे तर आयुष्यभर आम्ही मासा खाल्ला आणि कॅल्शियम ताटाच्या कडेला काढून ठेवले!

सिअ‍ॅटलच्या आसपासच्या जमातींत अशी रीत आहे, की हंगामातला पहिला सामन सन्मानाने आणायचा, सर्वांनी मिळून खायचा आणि त्याचे काटे नदीला परत द्यायचे, म्हणजे मासा पुन्हा येतो. आपल्या नारळी पौर्णिमेच्या नारळासारखेच हे. काट्याला मान द्यायचा एवढे मला त्यातून उमगले.

दादरला परतल्यावर पहिल्याच आठवड्यात मी लहान तारल्या आणल्या. आमसूल, तिरफळ, हळद, तिखट आणि बेताचे पाणी घालून कुकरमध्ये मंद आचेवर पाऊण तास ठेवल्या. (हा डबा नव्हे, त्या दिवशीचे कालवण त्याच दिवशी, फार तर फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी संपवायचे.) ‘‘एवढ्या वेळात हत्ती शिजेल,’’ हे म्हणाले. पण जेवायला बसल्यावर एकही काटा त्यांच्या घशात अडकला नाही, की बोटांनी बाजूला काढावा लागला नाही.

आमच्या जिन्यातली मांजर नेहमीप्रमाणे दाराशी येऊन बसली होती. त्या दिवशी तिच्यासाठी ताटात काहीच उरले नव्हते. तिच्यापुढे एक अख्खी तारली ठेवली, तेव्हा कुठे तिने मला क्षमा केली.